कोठीतलं दुखणं

१

गुरुवारी सकाळी सात वाजता मी कपाटातून ईथरची तपकिरी बाटली काढायचो, उजेडाकडे धरून किती उरलंय ते बघायचो आणि बुचाला खाच पाडून तिच्यात गॉझची वात बसवायचो. तिथून माझा दिवस सुरू व्हायचा. पौडच्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात ऑपरेशनं फक्त गुरुवारी होत. पुण्याहून डॉक्टर ढमाले मोटारीने येत, नऊला सुरुवात करत आणि साडेबाराला हात धूत. दवाखान्यात वीज नव्हती, आणि भडकन पेटणाऱ्या ईथरजवळ कंदील नेणं म्हणजे सगळ्यांनी मिळून वर जाणं. त्यामुळे जे काही कापायचं-शिवायचं ते खिडकीतून ऊन येतंय तोवर. ही सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट.

मी वाल्मीक मारणे, राहणार कासार आंबोली. सहा दिवस कंपाउंडर, म्हणजे पुड्या बांधणारा आणि गुलाबी औषध ढवळणारा. पण गुरुवारी मी भूल देणारा असे, आणि त्या तीन-साडेतीन तासांत डॉक्टरांच्या खालोखाल मीच, असा माझा तोरा असायचा. पुण्याच्या एका इस्पितळात म्हाताऱ्या नर्सबाईंनी मला हे काम शिकवलं होतं. तारेची जाळी, तिच्यावर गॉझच्या घड्या. ती नाकातोंडावर धरायची आणि वरून ईथर थेंब थेंब सोडायचं. पेशंटला सांगायचं, एक-दोन म्हण. शहाणा माणूस विसाच्या आत गप्प होतो. दारू पिणारा पन्नाशी गाठतो आणि वाटेत डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मग हळूहळू श्वास संथ होतो, पापणीच्या केसांना बोट लावलं तरी डोळा हलत नाही. मग मी म्हणायचो, "घ्या साहेब."

एक हात बाटलीवर आणि दुसऱ्या हाताची बोटं पेशंटच्या जबड्याखाली. भुलीत जबडा सैल पडला की जीभ मागे जाते आणि माणूस गुदमरतो, म्हणून तो शेवटपर्यंत उचलून धरायचा. म्हणजे पेशंटचं तोंड पूर्ण वेळ माझ्या हातात. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे कित्येक दिवस मी स्वतःला तेच सांगत होतो.

माझ्या स्टुलाच्या मागे भिंत होती आणि भिंतीमागे कोठी. घोंगड्या, पाय बांधायच्या फळ्या, एक मोडकी खाट, रिकामी पोती, असलं सगळं तिथे टाकलेलं असायचं. दार व्हरांड्यात उघडायचं, त्याला बाहेरून कडी. कोठीच्या पलीकडे नुसता दगडगोट्यांचा उतार आणि खाली नदीचं पात्र. तिकडे वस्ती नव्हती.

२

कोंडीबा वरच्या डोंगरातल्या वाडीचा. लाकडं तोडताना झाड त्याच्या पायावर आलं आणि चार तास तो त्याच्याखाली अडकून पडला होता. भावाने, मंगळ्याने, त्याला झोळीत घालून आणलं तेव्हा पाय सडायला लागला होता. गुडघ्याखालून काढण्याशिवाय इलाज नव्हता.

अठरापर्यंत मोजून कोंडीबा गप्प झाला. फार छान गेला भुलीत खाली, आजही मला ते आठवतं. मी "घ्या साहेब" म्हटलं. आमची आया साळूबाई पाय धरून उभी होती. डॉक्टरांनी मांस बाजूला केलं आणि करवत लावली.

तेवढ्यात माझ्या मानेमागे कुणीतरी कण्हलं.

मला वाटलं वॉर्डातलं कुणी असेल. पण वॉर्ड उजवीकडे, व्हरांड्याच्या टोकाला. आवाज पाठीमागून येत होता. पुन्हा आला, लांबलचक. आणि मग शब्द आले.

"मंगळ्या, झाड उचल. आरं मंगळ्या, झाड उचल की."

आवाज कोंडीबाचा होता. अठरा आकडे मी त्याच्याच तोंडून नुकते ऐकले होते, चुकणं शक्य नव्हतं. मी खाली पाहिलं. त्याचा जबडा माझ्या बोटांवर होता, गार आणि जड. जाळीतून श्वास एका लयीत येत होता. ओठ हलत नव्हते. मागे मात्र तो गयावया करत होता, आणि करवतीच्या प्रत्येक ओढीला त्याचा शब्द तुटत होता.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. साळूबाईची नजर फरशीवर होती.

ऑपरेशन आटोपल्यावर मी व्हरांड्यातून कोठीकडे गेलो. कडी लावलेली होती. ती काढून आत डोकावलो. घोंगड्या, फळ्या, खाट. ईथरचा बारीक वास होता, पण तो तर माझ्या अंगालाच असायचा. मंगळ्या अंगणातल्या झाडाखाली बिडी ओढत बसला होता. त्याने काही ऐकल्यासारखं दिसत नव्हतं.

"कोठीत कोण होतं गं?" मी साळूबाईला विचारलं.

"कोन असनार? कडी तर तुमीच काडली."

ती रक्ताचे कपडे बादलीत पिळत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "बेस्तरवारी मी कोठीत झाडाया जात न्हाई. तुमीबी जात जाऊ नगा."

"का?"

"जात न्हाई म्हनलं नव्हं? मग झालं की."

दुपारी कोंडीबा शुद्धीवर आला. "कवा तोडनार?" म्हणाला. झालंसुद्धा, असं सांगितल्यावर तो चादरीखाली हात घालून चाचपत राहिला आणि मग लहान पोरासारखा हसला. "कळलंबी न्हाई," म्हणाला. मंगळ्याने माझे पाय धरले. मी पाय मागे घेतले, पण बरं वाटलं हेही खरं.

३

मी काही भित्रा माणूस नाही आणि देवभोळा तर अजिबात नाही. मी कारणं शोधली. भिंत मातीची आहे, आवाज खेळतो. पेशंट घशातल्या घशात बोलत असेल आणि मला तो मागून वाटत असेल. आणि सगळ्यात पटणारं कारण म्हणजे, मीच नशेत असेन. जाळीवरचं ईथर पेशंटला आधी मिळतं, पण उरलेलं कुणाच्या नाकात जातं?

महिन्याभराने कोंडीबा कुबडी घेऊन आपल्या वाडीवर गेला. त्यानंतरच्या गुरुवारी जांब्याची गोजराबाई टेबलावर होती, मांडीत खोल गळू झालेलं. सुरी लागली तशी ती भिंतीमागे कण्हायला लागली. तोवर दर गुरुवारी प्रत्येक पेशंटचं असंच ऐकून मला सवय झाली होती, मी दातावर दात धरून बाटली तिरपी करत राहिलो. गळू निघालं, गोजराबाई मागे मुसमुसत थांबली. आणि ती थांबली म्हणून तिच्या खालचा दुसरा आवाज ऐकू आला. दमलेला, कितीतरी वेळ बोलून बसलेला.

"मंगळ्या, झाड उचल."

खरा कोंडीबा त्या घटकेला सात कोसांवर आपल्या अंगणात बसलेला. त्या दिवशी पहिल्यांदा माझी थेंबांची मोजदाद चुकली.

डॉक्टर हात धूत असताना मी विषय काढला. आवाजाचं पूर्ण सांगितलं नाही, नोकरी करायची होती. कधीकधी कानात काहीबाही येतं, एवढंच म्हटलं.

"तू तीन तास वाफेत बसतोस, वाल्मीक. मी चार हात लांब उभा असतो तरी माझं डोकं जड होतं. खिडकीची दुसरी फळी उघडत जा आणि दर पेशंटनंतर बाहेर चक्कर मारून ये."

"साहेब, त्यांना दुखत असेल का हो? आत कुठेतरी?"

डॉक्टरांनी नखं घासायचं थांबवलं. हुशार माणूस होता, खोटं बोलत नसे. "सुरी लागली की नाडी पळते. कधी घाम फुटतो, डोळ्यांतून पाणी येतं. तूच बघतोस की. शरीराला कळत असणार. पण उठल्यावर माणूस म्हणतो, काही कळलं नाही. आपण त्याचं ऐकायचं. दुसरं आहे कोण विचारायला?"

मी खिडकीची दुसरी फळी उघडायला लागलो. चकरा मारायला लागलो. आवाज तसेच राहिले. फक्त आता ऊन आणि वारा अंगावर घेऊन, पूर्ण शुद्धीत ऐकायला यायचे.

४

माझी बायको रत्ना. तोंडाची फटकळ आणि हाताची कामसू. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी मी सायकलवरून घरी आलो की ती नाकाला पदर लावायची. "आला बेस्तरवारचा वास," म्हणायची. "हुबं ऱ्हावा तितंच. आदी आंगुळ करा, मग घरात या." मी मुद्दाम जवळ जायचो आणि ती चुलीमागे पळायची. आमचं बरं चाललं होतं.

तिच्या पोटात गाठ होती. आठ महिन्यांपूर्वीच डॉक्टरांनी हाताने चाचपून सांगितलं होतं, अंडाशयाची आहे, साधी दिसते, एखाद्या गुरुवारी काढून टाकू. भूल मलाच द्यावी लागणार होती. दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. मी हो म्हटलं आणि टोलवत राहिलो. आधी भाताची लावणी, मग तिच्या भावाचं लग्न, मग आणखी काही. रत्नाला वाटायचं, मी तिच्या जिवाला जपतोय. मी तिला कोठीबद्दल काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार होतो?

मग एका गुरुवारी पहाटे ती अंथरुणात दुमडली. उलट्या सुरू झाल्या, पोटाला हात लावू देईना. शेजारच्या नथूने बैलगाडी जुंपली. पौडला पोचेपर्यंत उजाडलं होतं, तिचे ओठ पांढरे पडले होते. गाडीच्या प्रत्येक गचक्याला ती माझं मनगट आवळत होती.

डॉक्टर त्या दिवशी लवकर आले, हे आमचं नशीब. त्यांनी पोट पाहिलं आणि मला बाहेर घेतलं.

"गाठीला पीळ पडलाय. आत काळी पडत असणार. पहिलं हेच घेऊ."

"पुण्याला नेली तर?"

"वाटेत जाईल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आठ महिने झाले, वाल्मीक." रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी आत गेलो. साळूबाई रत्नाच्या मनगटांवर बँडेज गुंडाळत होती. सवाष्णीचा चुडा आम्ही काढायला लावत नसू, पट्टीखाली बंद करायचो. रत्ना माझ्याकडे बघत होती. तिला मी इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती.

"दुखंल का वो?"

"तुला कळणारसुद्धा नाही," मी म्हटलं.

यात शब्दानेही खोटं नव्हतं, आणि एवढा मोठा खोटेपणा मी आयुष्यात केला नाही.

५

"एक-दोन म्हण."

"शाळा घेताय व्हय माजी?" जाळीखालून ती म्हणाली, आणि मोजायला लागली. सोळावर थांबली.

मी ठरवून आलो होतो. हात आखडता ठेवायचा. नुसती डोळा लागण्याइतकी झोप द्यायची, खाली जाऊ द्यायचं नाही. भिंतीपलीकडे जाण्याइतकी भूल दिलीच नाही तर ती पलीकडे जाणार कशी, असा माझा हिशेब. भूल देणाऱ्याने असा हिशेब करणं म्हणजे गुन्हा आहे, हे मला कळत होतं.

"घ्या साहेब," मी म्हटलं.

सुरी लागली आणि रत्ना कण्हली. मागे नाही, इथे, माझ्या हाताखाली. गुडघे वर आले, साळूबाई मांड्यांवर आडवी पडली. माझ्या बोटांखाली जबडा आवळला गेला, आणि मला आनंद झाला. खरंच झाला. ती इथेच होती.

"वाल्मीक, वर आहे ती. खाली घे."

मी दोन थेंब सोडले.

"पोट लाकडासारखं ताठ आहे. मला हात घालता येत नाही. मारायचीय का तिला? दे."

मग मी द्यायला लागलो. दहा थेंब, वीस, चाळीस. जाळी ओली झाली. तिचं कण्हणं जाड झालं, बारीक झालं. आणि जसजसं ते इकडे उतरत गेलं तसतसं माझ्या मागे, भिंतीत, चढत गेलं. मधे एक घटका अशी आली की दोन्हीकडे अगदी सारखं होतं. पुढून आणि मागून माझी बायको एकाच सुरात कण्हत होती. मी तिथेच थांबलो असतो. पुढचं सोडायला हात धजेना.

"अजून," डॉक्टर म्हणाले.

मी सोडलं. जबडा सैल पडला. श्वास संथ झाला. पापणीला बोट लावलं, हलली नाही.

"आता छान," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी हात आत घातला.

"अहो," मागून रत्ना म्हणाली.

माझं नाव तिने कधी घेतलं नाही, हाक मारायची तर एवढीच. "अहो, कुटं गेला तुमी? मला दिसंना. धरा की मला, अहो."

मी मान वळवू शकत होतो, हात सोडू शकत नव्हतो. जबडा सोडला असता तर जीभ मागे पडली असती आणि टेबलावरची रत्ना चार मिनिटांत गेली असती. पंचेचाळीस मिनिटं मी तसा बसलो. पुढे तिचा चेहरा शांत, दुपारच्या झोपेतल्यासारखा. मागे ती बांगड्या आपटत होती. टेबलावरच्या बांगड्या पट्टीखाली मुक्या होत्या. मागच्या वाजत होत्या.

गाठ नारळाएवढी निघाली, काळीनिळी. डॉक्टरांनी ती थाळीत टाकली आणि म्हणाले, "वाचली." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "रडतोस काय? वाचली म्हटलं ना."

६

तीनच्या सुमाराला रत्नाने डोळे उघडले.

"कदी करायचं?"

"झालं."

"चेष्टा करू नगा." तिने पोटावरची पट्टी चाचपली आणि मग तिचे डोळे भरले. "तुमी म्हनला तसंच झालं की. खरंच कळलंबी न्हाई."

ती पुन्हा झोपली. मी व्हरांड्यात आलो. अजून लख्ख उजेड होता, अंगणात साळूबाईने चादरी वाळत घातल्या होत्या. मी कोठीची कडी काढली.

डोळे सरावायला वेळ लागला. मोडक्या खाटेच्या मागे घोंगड्यांचा ढीग होता, आणि ढिगाखाली कुणीतरी कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलं होतं. वरची घोंगडी भराभर वरखाली होत होती. मी दारातच थांबलो. घोंगडीच्या कडेखालून एक हात बाहेर आला आणि जमीन चाचपायला लागला. हिरव्या बांगड्या, पट्टी नाही. करंगळीचं नख अर्धं तुटलेलं. ते भात कापताना विळ्याने उडालं होतं, माझ्यासमोर उडालं होतं. हात माझ्या पावलाच्या दिशेने येत होता.

मी मागे सरलो आणि कडी लावली.

हे मी केलं. कुणाला सांगितलेलं नाही, आज लिहितोय. बायकोचा हात माझ्याकडे येत होता आणि मी बाहेरून कडी लावली. मला माझीच किळस आली, पण आत जाण्याचं धाडस होईना. शेवटी मी दाराला पाठ लावून खाली बसलो.

"अहो," आतून आलं.

"आहे मी. इथेच आहे."

कण्हणं थोडं खाली आलं. थांबलं नाही, पण खाली आलं. ओ दिली की तिला जरा बरं वाटतं, हे कळल्यावर मला दुसरं काही सुचेना. नऊ दिवस काम आटोपलं की मी कोठीच्या दाराशी जाऊन बसायचो. ती हाक मारायची, मी ओ द्यायचो. साळूबाई येताजाता बघायची. एकदा तिने माझ्या बाजूला चहाची कपबशी ठेवली, तेवढंच.

वॉर्डात रत्ना फुगून बसलेली. "सगळ्या दवाखान्याला औषद देत हिंडताय, माज्याकडं यायला येळ न्हाई. कुटं आसता वो?"

"तुझ्याजवळच असतो," मी म्हणायचो.

७

दहाव्या दिवशी टाके निघाले. नथू गाडी घेऊन आला. सकाळचे अकरा-साडेअकरा झाले असतील. रत्ना माझा दंड धरून व्हरांड्यातून हळूहळू चालत होती. गाल भरले होते, मला टोमणे मारत होती. कोठीच्या दाराशी ती थांबली.

"आत कोन कन्हतंय?"

कोंडीबाने कधी काही ऐकलं नव्हतं. गोजराबाईने नाही, इतर कुणी नाही.

"कुणी नाही. चल."

"आसं कसं न्हाई? बाईमानूस हाय." तिने दाराला कान लावला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता कळवळा होता. "आगं बाई, लई तरास हुतोय तिला. हितं अडगळीत का टाकलीया?"

"रत्ना, गाडी थांबलीये."

"थांबू द्या की. माजं पोट फाडलं तरी मला कळलं न्हाई. तुमच्या हातात येवढं औषद हाय, आन् ही हितं वरडतीया. तिलाबी द्या की तसंच." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "का तुमची बायकू न्हाई म्हनून न्हाई देनार?"

मी तिचा हात माझ्या दंडावरून सोडवला.

"देतो," मी म्हटलं.

"आत्ता द्या. मी बसते गाडीत."

कपाटातून जाळी आणि बाटली घेतली. व्हरांड्यात साळूबाई आडवी आली. "नगा जाऊ," म्हणाली. मी तिला बाजूला सारलं. सांगतो ते खरं मानायचं तर माना, मला त्या क्षणी भीती वाटत नव्हती. भूल देणं एवढी एकच गोष्ट मला येते. दुखतंय, तर थांबवायचं. दहा दिवस हे मला सुचलं कसं नाही, असंच वाटत होतं.

आत गेलो. खाटेमागे गुडघे टेकून बसलो. घोंगडी बाजूला करून बघण्याची माझी छाती झाली नाही. जिथे श्वासाने ती उचलली जात होती तिथे जाळी ठेवली.

"अहो," खालून आलं. "आला व्हय तुमी?"

"आलो. एक-दोन म्हण."

ती मुकाट्याने मोजायला लागली. कण्हत कण्हत, एकेक आकडा. मी थेंब सोडत होतो. या वेळी एकही थेंब मोजायचा चुकला नाही. आकडे पुसट झाले, मग नुसता श्वास राहिला. कण्हणं बारीक झालं, आणखी बारीक झालं आणि थांबलं. घोंगडी सावकाश खाली बसत गेली, इतकी खाली की शेवटी जाळी जमिनीला टेकली. कोपऱ्यात कुठेतरी कोंडीबा मंगळ्याला हाक मारत होता, रोजच्यासारखा. पण तिचं थांबलं होतं. मी उठलो, भिंतीला डोकं टेकलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. गेल्या दहा दिवसांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

ज्या भिंतीला डोकं टेकलं होतं ती कोठीची पलीकडची भिंत, नदीच्या अंगाची.

"अहो."

भिंतीच्या बाहेरून आलं. फार लांबून, कुणी नदीच्या पल्याडहून हाक घालावी तसं. "अहो, कुटं गेला तुमी?"

मी भिंतीवर हात आपटले. "इथे आहे मी, रत्ना, इथे आहे." हाक तशीच येत राहिली, माझं काही तिच्यापर्यंत पोचलं नाही.

गाडीत रत्ना गवतावर ऐसपैस बसली होती. "निजली का?" तिने विचारलं.

"निजली."

"बगा. किती सोपं हुतं." आणि तिने नथूला गाडी हाकायला सांगितलं.

याला सहा वर्षं झाली. रत्ना घरी आहे, धडधाकट आहे, आम्हाला एक मुलगीही झाली. गुरुवारी मी अजून भूल देतो, कारण न देता कापलं तर काय होतं ते मी पाहिलंय. काम संपलं की मी उतार उतरून नदीपर्यंत जातो. पाणी कमी असेल तर पलीकडेही जातो आणि दगडांत उभा राहून ओ देतो. हाक तिथूनही पुढे असते, दर वेळी तेवढीच पुढे, आणि तिच्यात पहिल्यासारखीच घाई असते. घोंगडीखालून हात आला होता तेव्हा मी कडी लावली, त्याची लाज वाटते. पण जास्त पस्तावा होतो तो तिला तिथेही भूल देऊन आणखी पुढे घालवली त्या दिवसाचा. कोठीत होती तोवर दाराशी बसून मला तिला ओ तरी देता येत होती.